चार वर्षांच्या मुलासाठी संगीताचा क्लास कसा निवडावा?

केतकी_कर्वेनगर
मुलगी जूनमध्ये चार वर्षांची होईल. कुठे गाणं लागलं की हातातलं टाकून तिथेच उभी राहते, चाल बरोबर उचलते, शब्द मात्र मनाचे घालते. तिला संगीताच्या क्लासला घालायचं मनात आहे. घराजवळ तीन पर्याय आहेत.

पहिला, गाण्याचा पारंपरिक क्लास. आठवड्यातून दोनदा, एक तास. पाच ते बारा वयाची पंधरा मुलं एकत्र. बाई पेटीवर सांगतात, मुलं मागून म्हणतात. वर्षअखेर कार्यक्रम असतो.

दुसरा, लहान मुलांसाठीचा गाणं-हालचाल प्रकारचा वर्ग. आठवड्यातून एकदा, चाळीस मिनिटं, आठ मुलं, सोबत आई किंवा बाबांनी बसायचं. फी पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट.

तिसरा, कीबोर्ड. एकास एक, अर्धा तास, पुढे ग्रेड परीक्षा.

आम्हाला घरी शास्त्रीय संगीताची आवड आहे, त्यामुळे मन पहिल्याकडे ओढतं. या वयात नेमकं काय बघून ठरवावं? आणि मुळात चार हे वय लवकर तर नाही ना?

सुरपेटी
लवकर नाही. फक्त चार वर्षांच्या मुलाचा क्लास म्हणजे आठ वर्षांच्या मुलाच्या क्लासची छोटी आवृत्ती नव्हे, तो वेगळाच असावा लागतो. म्हणून गायन की कीबोर्ड हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. तिन्ही ठिकाणी एकेक तास मागे बसून बघा. बसू देत नसतील तर तो पर्याय तिथेच बाद करा.

बसल्यावर सगळ्यात आधी पट्टी बघा, म्हणजे सा कोणत्या उंचीवर धरतात ते. पट्टीचं नाव पेटीवरच्या पांढऱ्या किंवा काळ्या पट्टीच्या क्रमांकावरून असतं. चार वर्षांच्या मुलाचा आवाज सहज लागतो तो टप्पा फार लहान असतो, पेटीवर साधारण मध्य सप्तकातल्या पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत, म्हणजे सुमारे २९४ ते ४४० हर्ट्झ. पांढरी दोनला सा धरला तर सा ते पंचम एवढाच. आता बाईंची स्वतःची पट्टी काळी चार (खालच्या सप्तकातली) असेल आणि त्या मुलांनाही त्याच सा वर म्हणायला लावत असतील, तर मुलांचा सा घशात खाली जाऊन पुटपुटल्यासारखा येतो. काही मुलं तो सोडून एकदम वरचा सा पकडतात आणि पंचमाला किंचाळतात. दोन्हीकडून शेरा एकच मिळतो, "हिचा सूर लागत नाही." सूर लागतो, पट्टी चुकलेली असते. पुरुष शिक्षक काळी एकमध्ये गात असतील तर एका अर्थी सोय असते, कारण मुलं तोच सा एक सप्तक वर धरतात आणि तो त्यांच्या टप्प्यात बसतो. पण काही मुलांना शिक्षकाचा खालचा आवाज पकडावा की वरचा शोधावा हे कळत नाही. चांगला शिक्षक अशा वेळी एकदा वरच्या सप्तकात हलक्या आवाजात म्हणून दाखवतो.

बाईंना थेट विचारा, "लहान मुलांना कोणत्या पट्टीत सांगता?" उत्तर "काळी एक" किंवा "पांढरी दोन" आलं तर निम्मं काम झालं. "माझीच पट्टी, सवय होते" असं आलं तर तिथे अजून तीन-चार वर्षं मुलीला घालू नका.

तिरकिट_धा
सुरपेटी यांना अनुमोदन. लयीचं माझ्याकडून.

लहान मुलांची आपसूक लय मोठ्यांपेक्षा जलद असते. मूल स्वतःच्या मनाने टाळ्या वाजवायला लागलं की मोजून बघा, तुम्ही वाजवाल त्यापेक्षा बरीच पुढे असेल. त्यामुळे "सावकाश म्हणू म्हणजे सोपं जाईल" हे या वयात उलटं पडतं. दोन मात्रांमधलं अंतर वाढलं की मुलाला ते धरून ठेवता येत नाही आणि ते पुढे पळतं. शिक्षक आधी मुलाच्या लयीला जाऊन मिळतोय का, आणि मग हळूहळू लय कमी-जास्त करतोय का, हे बघा. पहिल्या मिनिटापासून सगळ्यांना "माझ्याबरोबर, माझ्याबरोबर" म्हणणारा शिक्षक असेल तर वर्गात गोंधळ ठरलेला.

तालही वाद्याआधी तोंडात यायला हवा. दादऱ्याचा ठेका, धा धी ना, धा ती ना, सहा मात्रांचा. पहिल्या मात्रेला टाळी, चौथीला खाली. खालीला हात बाहेर फेकायचा असतो, मुलांना तेच सगळ्यात जास्त आवडतं. दादरा बसला की केरवा, आठ मात्रा, धा गे ना ती, न क धिं ना, पाचवीला खाली. तीनतालाच्या सोळा मात्रांचं आवर्तन चार वर्षांच्या डोक्यात एका वेळी मावत नाही, त्याची घाई नको.

आणि तबल्यावर या वयात बसवूच नये. डग्ग्यावर मनगट टेकवून घुमारा काढायला लागणारं हाताचं माप नसतं. मग मूल तळहाताने थापा मारायला शिकतं आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही.

रानवारा
क्लास कशाला लागतो पण? भोंडल्याची गाणी, बडबडगीतं, झोपताना अंगाई, आजीच्या ओव्या हे सगळं घरात असेल तर सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत काही लागत नाही. फेर धरून म्हटलं की ताल पायात आपोआप उतरतो. आठशे-हजार रुपये महिना देऊन खुळखुळा वाजवायला कशाला पाठवायचं?

सुरपेटी
रानवारा, घरात हे सगळं रोज होत असेल तर तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. फेराच्या गाण्यांत लहान मुलांना लागतं ते सगळं आहे. तीन-चार स्वरांची चाल, पुन्हा पुन्हा येणारी ओळ, आणि चालता चालता म्हणणं. अडचण एवढीच की बहुतेक घरांत गाणं ऐकलं जातं, म्हटलं जात नाही. स्पीकरवर लागलेलं गाणं मुलासाठी थांबत नाही आणि त्याला उत्तरही देत नाही. क्लासमध्ये समोरचा माणूस एक ओळ म्हणून थांबतो आणि मुलाच्या ओळीची वाट बघतो. घरी हे जमत असेल तर पैसे वाचवा.

राईनकाठ
इथे जर्मनीत सरकारी मदतीवर चालणाऱ्या संगीतशाळांमध्ये साधारण चार ते सहा वयासाठी ‘म्युझिकालिशे फ्र्यूएरत्सीऊंग’ नावाचा वर्ग असतो. त्यात कुठलंही एक वाद्य शिकवत नाहीत. गातात, नाचतात, ऐकतात, छोटी वाद्यं हाताळतात. बऱ्याच शाळांत त्यानंतर ‘वाद्यांचं चक्र’ असतं, काही आठवडे व्हायोलिन, काही आठवडे बासरी, मग तालवाद्य, आणि त्यानंतर मूल निवडतं.

त्यांच्याकडचे लाकडी पट्ट्यांचे झायलोफोन मला फार आवडतात. कार्ल ऑर्फ (१८९५–१९८२) या संगीतकाराच्या पद्धतीतले. प्रत्येक पट्टी सुटी निघते. शिक्षक सुरुवातीला मध्यम आणि निषाद या दोन्ही पट्ट्या काढून ठेवतात. उरतात सा रे ग प ध. आता मुलाने कुठेही टोला मारला तरी कानाला बोचत नाही, कारण लगतचे अर्ध्या स्वराचे जोडच उरलेले नाहीत.

कोमल_रिषभ
@राईनकाठ, हा तर भूप राग झाला!

राईनकाठ
हो, भूपाचेच स्वर. हंगेरीच्या झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांच्या पद्धतीतही सुरुवात याच पाच स्वरांत असते. त्यातही सगळ्यात आधी दोनच स्वर, पंचमावरून गंधारावर उतरायचं. मुलं एकमेकांना हाक मारताना किंवा चिडवताना पुष्कळदा याच अंतरावर उतरतात.

सुरपेटी
हे आपल्याकडच्या क्लासला जसंच्या तसं वापरता येतं. हजेरी गाऊन घ्यायची. शिक्षकाने "मीरा" हे नाव प-ग वर म्हणायचं, मुलाने "आले" प-ग वर उत्तर द्यायचं. आठ मुलांची हजेरी दोन मिनिटांत होते आणि प्रत्येक मूल एकदा एकट्याने गातं. कोणाचा सूर कुठे आहे हे शिक्षकाला रोज कळतं आणि परीक्षा घेतल्याचं मुलाच्या गावीही नसतं. केतकी, बघायला जाल तेव्हा हे नक्की पाहा. तासाभरात प्रत्येक मूल एकदा तरी एकटं गातं का? पंधरा मुलांच्या समूहात मागच्या रांगेतलं मूल वर्षभर फक्त ओठ हलवू शकतं, कोणाच्या लक्षात येत नाही.

कोमल_रिषभ
पेटीबद्दल. तिच्यावर स्वर शिकवणंच मला पटत नाही. पेटीचे स्वर समान अंतराचे. तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्याच्या खर्जातून (सगळ्यात खालच्या सा च्या तारेतून) ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट). कान घडायच्या वयात हा गंधार बसवायचा आणि मग दहा वर्षांनी तो काढायला सांगायचं. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटी बंद केली ती काही उगाच नाही.

पांढरी_दोन
१९७१ मध्ये ती बंदी सैल झाली हेही लिहा की. :) आणि मधल्या काळात मैफिलींतून पेटी कुठे गेली नव्हती.

कोमल_रिषभ
झाली, पण कारण खोटं ठरलं म्हणून नव्हे.

सुरपेटी
कोमल_रिषभ, गंधाराचं गणित बरोबर आहे, पण चार वर्षांच्या मुलाचा गंधार अजून १४ सेंटच्या हिशेबात आलेलाच नसतो. तो कधी रिषभाजवळ असतो, कधी मध्यमाजवळ. या वयात मुलं आधी चाल वर जाते की खाली हे पकडतात, मग अंतरं जवळपास येतात, आणि पूर्ण गाणं एकाच सा वर टिकवणं साधारण पाच-सहा वर्षांच्या आसपास जमायला लागतं. काहींना त्याहून उशिरा.

पेटीचा खरा तोटा वेगळा आहे. बाई संपूर्ण चाल सतत वाजवत राहिल्या की मुलाचा आवाज पेटीखाली दबतो. त्याला स्वतःचं ऐकूच येत नाही, मग दुरुस्त काय करणार? बसून बघताना एवढंच तपासा की एखादी ओळ पेटी थांबवून, फक्त तंबोऱ्यावर किंवा नुसत्या टाळीवर म्हटली जाते का. मुलांचा आवाज त्याक्षणी तुटून पडत असेल तर ती पेटीच्या मागे धावत होती. आवाज टिकला तर वर्ग चांगला चालला आहे, मग पेटी असू दे.

कोमल_रिषभ
हे मान्य. तरी घरी तंबोराच लावा म्हणेन. मोबाइलवरच्या तंबोऱ्याच्या अ‍ॅपमध्ये पांढरी दोन, पंचमाची तार, लय संथ. फोनच्या स्पीकरवर खर्ज ऐकूच येत नाही, म्हणून छोटा ब्लूटूथ स्पीकर जोडा आणि आवाज बोलण्यापेक्षा कमी ठेवा. मूल खेळत असताना दहा मिनिटं चालू ठेवायचा. "आता सा लाव" म्हणायचं नाही. मूल आपण होऊन गुणगुणायला लागतं.

ग्रेडवाले_काका
कीबोर्डबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

चौथ्या वर्षी कीबोर्ड अशक्य नाही, पण अटी आहेत. खुर्ची अशी हवी की कोपर पट्ट्यांच्या पातळीला येईल, आणि पाय लोंबकळता कामा नयेत, खाली पाट किंवा स्टूल हवं. पाय अधांतरी असले की मूल खांदे वर ओढतं आणि मनगट आखडतं. बोटांची जोडी स्वतंत्र हलणं या वयात जेमतेम सुरू झालेलं असतं. अंगठा आणि तर्जनी चालतात, अनामिका आणि करंगळी एकमेकींना धरून येतात. त्यामुळे पाच बोटांची स्वरमालिका पहिल्या महिन्यात देणारा शिक्षक नको. पहिले काही महिने काळ्या पट्ट्यांच्या दोन आणि तीनच्या जोड्या ओळखणं, तर्जनीने वाजवणं, वर-खाली, मोठा-लहान आवाज, एवढंच पुरे. घेणार असाल तर स्पर्शाने आवाज कमी-जास्त होणारा घ्या, ६१ पट्ट्यांचा. छोट्या पट्ट्यांचे खेळण्यातले घेऊ नका, हाताला चुकीचं अंतर बसतं. आणि तयार ताल वाजवणारं बटण शिक्षकाने वापरायचं नाही, मूल दिवसभर तेच दाबत बसतं.

नोटेशन वाचणं वाचता यायला लागल्यावर. ज्या मुलाला अजून ‘क’ आणि ‘फ’ मध्ये गोंधळ होतो त्याच्यापुढे पाच रेघा मांडून उपयोग नाही.

तुषार_ठाणे
काका, ग्रेड परीक्षा कधी? आमच्या इथल्या क्लासमध्ये पाचव्या वर्षी इनिशियल देतात म्हणे.

ग्रेडवाले_काका
इनिशियल ही ग्रेड १ च्या आधीची पायरी, मग १ ते ८. पाचव्या वर्षी देता येते, पण मग वर्षभर त्याच तीन तुकड्यांची घोकंपट्टी होते, आणि ते तीन सोडून चौथं काही दिलं तर मूल अडतं. शिक्षकाला विचारा, परीक्षेच्या तुकड्यांखेरीज या वर्षात मुलं अजून काय वाजवतात? उत्तर देताना अडखळला तर समजून जा.

कोमल_रिषभ
गांधर्वच्या परीक्षांचंही तेच. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची पहिली परीक्षा प्रारंभिक. मग प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण. दर वर्षी एक धरली आणि नवव्या वर्षी प्रारंभिक दिली, तरी पंधराव्या वर्षी विशारद पूर्ण होतं. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात म्हणून पालक हल्ली बालवाडीपासूनच उलटी मोजणी करतात. गणित मांडून बघा, घाई करायचं कारणच नाही. प्रारंभिकच्या तयारीच्या वर्गात चार वर्षांचं मूल बसवलं तर त्याला अलंकार घोटावे लागतात, सारेग, रेगम, गमप, आणि गाणं म्हणजे हेच असा त्याचा समज होतो.

कानसेन
कान-नाक-घशाच्या बाजूने दोन-तीन गोष्टी सांगतो, त्या कोणी क्लासवाला सांगणार नाही.

एक, खोली. आठ मुलांच्या हातात झांजा आणि खंजिऱ्या, खाली फरशी, एका बाजूला काच, दहा बाय बाराची खोली. तिथे हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल तर पातळी ८५ डेसिबलच्या आसपास आहे असं समजा. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी हेडफोनवर ऐकण्याची मर्यादा आठवड्याला ४० तास, ७५ डेसिबल एवढी धरली आहे. आठवड्यात चाळीस मिनिटांनी कान जाणार नाहीत, पण त्या गोंगाटात सूर ऐकू येत नाही, म्हणून तो तास फुकट. रिकाम्या खोलीत एक टाळी वाजवा. टाळीमागे झणझण उरली तर खोली वाईट. जाड सतरंजी, पडदे आणि झांजेऐवजी टिपऱ्या, एवढ्याने खूप फरक पडतो.

दोन, मुलाचे कान. या वयात सर्दीनंतर कानाच्या पडद्याआड पाणी साठणं फार सर्रास होतं आणि तेवढे आठवडे ऐकू कमी येतं. मूल "काय? काय?" करतं, टीव्ही मोठा करतं, आणि चाल चुकवतं. आधी बरं गाणारं मूल मधेच बेसूर झालं तर क्लास बदलण्याआधी कान दाखवा. टिम्पॅनोमेट्री नावाची तपासणी काही मिनिटांत होते, दुखत नाही.

तीन, घसा. "मोठ्याने! अजून मोठ्याने! ऐकू येत नाही!" असं ओरडून गाऊन घेणारा वर्ग असेल तर त्याच दिवशी बाहेर पडा. तासानंतर आवाज बसलेला असणं ही धोक्याची खूण. दोन-तीन आठवडे आवाज घोगरा राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

मनीषा_मस्कत
इथे मराठी गाण्याचा क्लास नाही, ऑनलाइन घ्यावा लागेल. चार वर्षांच्या मुलासाठी काही अर्थ आहे का?

तिरकिट_धा
लयीसाठी जवळपास नाही. आवाज पोचायला वेळ लागतो, त्यामुळे दोघांनी एकत्र टाळी वाजवणं शक्यच होत नाही. शिक्षकाला मूल कायम मागे ऐकू येतं, शिक्षक थांबतात, मग मूलही थांबतं.

सुरपेटी
एका अटीवर अर्थ आहे. शिक्षक तुम्हाला शिकवतील आणि तुम्ही मुलाला. जपानच्या शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांच्या व्हायोलिनच्या पद्धतीत पालकाने सोबत शिकायचंच असतं. तीच कल्पना इथे लावा. आठवड्याला वीस मिनिटं, त्यात दोन गाणी आणि एक ताल तुम्ही पक्का करायचा, मुलाने आजूबाजूला खेळत ऐकायचं. झूमवर मूळ आवाज पाठवण्याची सोय आहे, ती चालू करा. नाहीतर आवाज स्वच्छ करण्याच्या नादात अ‍ॅप तंबोऱ्याला पंख्याचा आवाज समजून कापून टाकतं आणि शिक्षकांना मूल अधांतरी गाताना ऐकू येतं. ओळ म्हणताना एकाच्या नंतर एक, दोघांनी मिळून कधीच नाही. स्क्रीनचा वेळही दिवसाला तासाच्या आत ठेवायचा आहे, त्यात हे वीस मिनिटं मोजा.

अबोली
आवाज सहन न होणाऱ्या मुलाचं काय? आमच्या मुलाला ऑटिझमचं निदान आहे. गाणी आवडतात, पण टाळ्यांचा कडकडाट झाला की कान झाकून कोपऱ्यात जातो.

कानसेन
अबोली, एकास एक किंवा तीन-चार मुलांचा वर्ग बघा. तास सुरू होण्याआधी दहा मिनिटं रिकाम्या खोलीत न्या, वाद्यं हाताळू द्या, कुठलं वाद्य कसा आवाज करतं हे त्याच्याच हातून होऊ दे. स्वतः केलेला आवाज सोसवतो, अचानक आलेला सोसवत नाही. शिक्षकांना तासाचा क्रम चित्रांत लावायला सांगा, नमस्काराचं गाणं, चालायचं गाणं, वाद्यं, शांत ऐकणं, निरोपाचं गाणं. दर वेळी तोच क्रम. शेवटी टाळ्यांऐवजी हात वर करून हलवायचे, ही पद्धत सगळ्या वर्गाला लावली तर उत्तम. कानावर घालायचे आवाजरोधक मिळतात ते वाद्यांच्या वेळेपुरते वापरा, पूर्ण तास नको. आणि दाराजवळची जागा, बाहेर जायची मुभा.

अबोली
धन्यवाद. क्रम चित्रांत लावायचं लगेच सांगते.

रानवारा
वाद्यांवरून आठवलं, व्हायोलिनचं कोणी सांगेल का? कर्नाटकी व्हायोलिन शिकवणारे शिक्षक जवळ आहेत.

पांढरी_दोन
माप जमलं तर चालतं. १/१६ किंवा १/१० मापाचं लागेल. दुकानात वाद्य खांद्यावर ठेवून मुलाला डाव्या हाताने टोकाची गुंडाळी मुठीत धरायला सांगा. कोपर किंचित वाकलेला राहिला तर माप बरोबर, हात पूर्ण ताणला गेला तर मोठं. "पुढच्या वर्षी होईल" म्हणून मोठं घेऊ नका, हा काही शाळेचा गणवेश नाही. भाड्याने मिळालं तर सगळ्यात चांगलं, दीड-दोन वर्षांत माप बदलतंच. फक्त पहिले कित्येक महिने सूर कुठे आहे ते मुलाला स्वतः शोधावं लागतं, पट्टी दाबून आयता मिळत नाही. घरच्यांनीही कानांची तयारी ठेवावी. :)

केतकी_कर्वेनगर
सगळ्यांचे मनापासून आभार. वाचनखूण साठवली आहे. तिन्ही ठिकाणी बसून आले.

पहिल्या ठिकाणी बाई काळी चारमध्ये सांगतात. लहान मुलांसाठी वेगळी पट्टी घेत नाहीत, पण खूप प्रेमाने शिकवतात. पेटी पूर्ण वेळ चालू. तासाच्या शेवटच्या वीस मिनिटांत लहान मुलं लोळत होती.

दुसऱ्या ठिकाणी हजेरी गाऊन घेतात! प्रत्येक मूल एकटं गातं. दर सात-आठ मिनिटांनी काम बदलतं, बसून, उभं राहून, चालत. पण गाणी निम्मी इंग्रजी, आणि मागे स्पीकरवर तयार संगीत लावून त्यावर गाऊन घेतात.

कीबोर्डवाले सर चांगले आहेत, पण तेच म्हणाले, सहा वर्षांची झाली की आणा.

आता मन दुसऱ्याकडे वळतंय, पण मराठी गाणी आणि आपले ताल राहून जातील का?

ग्रेडवाले_काका
सहा वर्षांची झाली की आणा म्हणणाऱ्या सरांचा नंबर जपून ठेवा. असा शिक्षक पुढे कामाला येतो.

सुरपेटी
दुसराच घ्या. स्पीकरबद्दल मात्र शिक्षिकेशी बोला. तयार संगीताची पट्टी आणि लय ठरलेली असते, मुलांसाठी ती बदलता येत नाही आणि मधेच थांबताही येत नाही. तासातली निदान दोन गाणी बिनसंगीताची घ्यावीत एवढी विनंती करून बघा, बहुतेक ऐकतील.

मराठी गाण्यांची सोय त्या वर्गातच होईल. पालक सोबत बसतात ना? तुम्ही दोन भोंडल्याची गाणी शिक्षिकेला द्या, चाल म्हणून दाखवा. फेर धरायचा असल्यामुळे ती त्यांच्या पद्धतीत चपखल बसतात. ताल घरी. तिरकिट_धा यांनी दिलेला दादरा रोज पाच मिनिटं, चालताना, जिना उतरताना.

आणि पहिल्या क्लासच्या बाईंना "दोन-तीन वर्षांनी आणते" असं सांगून ठेवा. प्रेमाने शिकवणाऱ्या बाई सहज मिळत नाहीत. सातव्या वर्षी हिचा आवाज वर-खाली दोन्हीकडे वाढलेला असेल, तेव्हा काळी चारचा प्रश्न बराच सैल होईल. तोवर त्यांनी लहानांसाठी पांढरी दोन सुरू केली तर आणखी चांगलं, हा धागा वाचायला द्या त्यांना.

तुषार_ठाणे
फी भरताना काय बघायचं? पूर्ण वर्षाची एकदम मागतात.

पांढरी_दोन
पहिल्यांदा एका महिन्याची, फार तर तीन महिन्यांची. या वयात मूल दोन महिन्यांत चार वेळा आजारी पडतं, त्यामुळे बुडलेला तास भरून मिळतो का ते लेखी विचारा. शिक्षक बदलला तर पैसे परत मिळतील का, हेही. मोठ्या संस्थांत दाखवायच्या तासाला एक शिक्षिका असते आणि प्रत्यक्ष वर्गाला दुसरी. नाव विचारून घ्या आणि त्यांचाच तास बघायला मागा.

केतकी_कर्वेनगर
एक शेवटचं. बघायला गेलो तेव्हा मुलगी पूर्ण वेळ माझ्या मांडीवर चिकटून होती, एक शब्द म्हटला नाही. घरी येऊन सगळी गाणी हातवाऱ्यांसकट म्हटली. क्लासमध्येही असंच राहिलं तर किती दिवस वाट बघायची?

सुरपेटी
ती शिकते आहे, गात नाही एवढंच. घरी म्हणतेय तोवर काळजीचं कारण नाही. दोन-तीन महिने मांडीवर बसून ऐकणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. "म्हण ना, घरी तर म्हणतेस" हे तिच्यासमोर कधीच म्हणू नका, आणि घरचा व्हिडिओ काढून शिक्षिकेला तिच्यादेखत दाखवू नका. तुम्ही स्वतः मोकळेपणी गा, तिच्याकडे न बघता. हजेरीत तिच्या वतीने तुम्ही प-ग वर "आले" म्हणा. घरीसुद्धा म्हणेनाशी झाली, किंवा क्लासच्या दिवशी सकाळपासून रडायला लागली, तर थांबवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघा.

तिरकिट_धा
आणि तिच्या हातात पहिल्या दिवशी टिपऱ्यांची जोडी द्या. न गाणारी मुलं बऱ्याचदा आधी हाताने आत येतात.